फिक्स प्रोटोकॉल: तयार इंजिन घ्यावं की स्वतः लिहावं?

सह्यकडा

गेले पंधरा दिवस आमच्याकडे रोज चहाच्या वेळी याच विषयावर वाद होतोय. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांचं मत हवं आहे.

आम्ही चौघं एका मध्यम आकाराच्या ब्रोकरची ऑर्डर सिस्टिम सांभाळतो. परदेशी फंडांच्या ऑर्डरी आजवर ईमेलवर आणि फोनवर यायच्या, डीलर त्या हाताने टाकायचे. आता त्यांना थेट लाइन हवी आहे, म्हणजे फिक्स, एका सिस्टिममधून दुसरीत ऑर्डरी पाठवायचा ठरलेला प्रोटोकॉल. दोघांनी त्याची ४.२ आवृत्ती सांगितलीय, एकाने ४.४.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिक्स १९९२ साली अमेरिकेत फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स यांच्यातल्या शेअर व्यवहारांसाठी सुरू झाला आणि पुढे जगभरच्या संस्थात्मक व्यवहारांची बोलीच होऊन बसला. मेसेज म्हणजे 'टॅग=मूल्य' अशा जोड्यांची माळ. दोन जोड्यांच्या मध्ये आस्की १ हे डोळ्यांना न दिसणारं अक्षर. सुरुवातीला ८, ९ आणि ३५ हे टॅग याच क्रमाने, शेवटी १०. ३५=डी म्हणजे नवी ऑर्डर, ३५=८ म्हणजे एक्झिक्युशन रिपोर्ट (ऑर्डरीचं काय झालं ते), ३५=० म्हणजे हार्टबीट (लाइन चालू असल्याची खूण).

हे बघून आमचा एक सहकारी म्हणाला, "स्ट्रिंगच आहे की, स्प्लिट मारली की झालं." आणि त्याने दोन दिवसांत खरंच लिहून दाखवलं. मुलगा हुशार आहे, कोडही स्वच्छ आहे. आमच्याच दोन मशीनवर लॉगऑन, हार्टबीट, ऑर्डर सगळं नीट चाललं.

मग क्लायंटच्या यूएटीला, म्हणजे चाचणीच्या सिस्टिमला जोडलं. कधी लॉगऑन व्हायचं, कधी व्हायचंच नाही. समोरून एररही नाही, नुसती शांतता. सकाळी ११ पासून दुपारी ४ पर्यंत आम्ही फायरवॉलवाल्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी सापडलं ते टॅग १० मध्ये, म्हणजे चेकसममध्ये. त्याआधीच्या सगळ्या बाइटची बेरीज करून २५६ ने भागायचं, उरलेली बाकी तिथे टाकायची. बाकी ४७ आली की आम्ही ४७ पाठवत होतो, हवं होतं ०४७. तीन अंक म्हणजे तीनच अंक. टॅग ५२ मधली वेळ दर मेसेजला बदलते, त्यामुळे बेरीजही बदलते. बाकी १०० च्या खाली गेली की आमचा मेसेज समोरच्याच्या लेखी खराब, आणि खराब मेसेज मुकाट्याने सोडून द्यायचा असा नियमच आहे. म्हणून ती शांतता. आमच्या दोन मशीनवर हे कधी दिसलंच नाही, कारण दोन्हीकडे एकच चूक होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पण तेव्हापासून माझ्या मनात शंका बसली आहे: असं अजून काय काय असेल? दुसरीकडे सहकाऱ्याचं म्हणणंही मला पटतं. क्विकफिक्ससारखं तयार, खुल्या कोडचं इंजिन घेतलं तर आत काय चाललंय ते आपल्याला कळणार नाही, आणि बाजार चालू असताना लाइन अडकली तर दुसऱ्याच्या कोडमध्ये आपण शोधत बसणार. तुम्ही कुठल्या बाजूने जाल?

दर्यावर्दी

मी या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून आधीच सांगतो: प्रॉडक्शनला सेशनचा थर, म्हणजे लाइन जोडून मेसेजचा क्रम सांभाळणारा भाग, स्वतः लिहू नका. पार्सर, म्हणजे मेसेज सोडवणारा भाग, लिहायला हरकत नाही, शिकायला तो उत्तम आहे. पण तुमच्या सहकाऱ्याने दोन दिवसांत लिहिला तो फिक्समधला सगळ्यात सोपा भाग.

खरं काम टॅग ३४ मध्ये आहे. सीक्वेन्स नंबर. दोन्ही बाजू आपापले मेसेज १ पासून मोजतात आणि समोरून पुढचा कितवा यायला हवा हेही लक्षात ठेवतात. लाइन पडली, पुन्हा जोडली, तरी आकडा तिथूनच पुढे जातो. समजा तुम्हाला ११२ हवा होता आणि ११८ आला. तुम्ही ३५=२ पाठवून '११२ पासून पुढचं सगळं पुन्हा द्या' म्हणायचं. इथवर सगळ्यांना जमतं. विचार करायचा तो उलट बाजूचा: समोरच्याने तुमच्याकडे मागितलं तर तुम्ही काय देणार?

मी एका ठिकाणी हे होताना पाहिलंय. घरी लिहिलेलं इंजिन, दीड वर्ष बिनतक्रार चाललं होतं. एके दिवशी बाजार उघडल्यावर पाच मिनिटांनी लाइन पडली आणि दोन मिनिटांत परत आली. समोरच्याने मधले मेसेज पुन्हा मागितले. आमच्या इंजिनने जुन्या फायलीतून जसेच्या तसे काढून पाठवले, फक्त सीक्वेन्स नंबर नवे लावले. टॅग ४३=वाय ही 'पुन्हा पाठवलेला मेसेज' अशी खूण नाही, टॅग १२२ मध्ये मूळ वेळ नाही. समोरच्याच्या दृष्टीने त्या कोऱ्या नव्या ऑर्डरी होत्या. त्याने त्या बाजारात टाकल्या. डीलरने ओरडून सांगेपर्यंत सात ऑर्डरी दोनदा गेल्या होत्या. त्या उलट्या करून मोकळं होईपर्यंत दुपार झाली आणि जो तोटा झाला तो आमच्या खात्यावर पडला.

नियम काय सांगतो ते बघा. हार्टबीट, टेस्ट रिक्वेस्ट असले सेशनचे मेसेज परत पाठवायचेच नाहीत. त्यांच्या जागी ३५=४, १२३=वाय, आणि टॅग ३६ मध्ये पुढचा नंबर, म्हणजे 'इथवर काही नव्हतं, पुढे चला'. ऑर्डरीसारखे मेसेज जुन्याच नंबराने, ४३=वाय लावून, १२२ मध्ये मूळ वेळ देऊन पाठवायचे. आणि ऑर्डर शिळी झाली असेल तर तीही न पाठवता गॅप भरून टाकायची. क्विकफिक्समध्ये त्यासाठी टू-ॲप नावाच्या कॉलबॅकमध्ये 'डू नॉट सेंड' फेकायची सोय आहे, मग इंजिन स्वतःच त्या जागी गॅप भरतं. ही जागा कुणीतरी पोळल्यावर तयार झाली आहे हे उघड दिसतं.

अजून काही आठवतात ती सांगून ठेवतो. सगळं परत मागताना ४.२ पासून टॅग १६ मध्ये (कितव्या नंबरापर्यंत हवं ते) ० टाकतात, त्याआधीच्या आवृत्त्यांत ९९९९९९ टाकायचे. नंबर अपेक्षेपेक्षा कमी आला आणि ४३=वाय नसेल तर लॉगआउट करून लाइन तोडायची, पुढे चालू ठेवायची नाही. गॅप भरला जात असताना नवे मेसेज येतच राहतात; प्रत्येक मेसेजला पुन्हा ३५=२ पाठवलंत तर दोन इंजिनं एकमेकांना मागतच बसतात आणि लाइन गुदमरते.

आणि टीसीपी, म्हणजे ज्यावरून हे मेसेज जातात तो नेटवर्कचा थर. टीसीपीला मेसेज कळत नाही, बाइट कळतात. एका वाचनात अर्धा मेसेज येईल, कधी अडीच येतील. एकाच मशीनवर हे सहसा दिसत नाही. सव्वानऊला गर्दी झाली की दिसतं.

गणितवेडी

दर्यावर्दींच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण 'लिहू नका' हा सल्ला सरसकट नको.

मी ज्या टीममध्ये होते तिथे आम्ही इंजिन स्वतः लिहिलं आणि तो निर्णय बरोबर होता असं आजही म्हणेन. कारण मोजून ठरवलं होतं. आमच्या कामाला मायक्रोसेकंद महत्त्वाचे होते. तयार इंजिनमध्ये प्रत्येक मेसेज आला की नकाशासारख्या रचनेत टॅग भरले जायचे, प्रत्येक मूल्याची वेगळी स्ट्रिंग बनायची, जावामध्ये तर त्याचा कचरा साठून मधेच सफाई सुरू व्हायची. आम्हाला चाळीस टॅगपैकी सात हवे होते. आम्ही बफरवरून एकदाच हात फिरवून ते सात उचलत होतो, एकही नवी वस्तू मेमरीत न बनवता. फरक तक्त्यात स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यासाठी तीन माणसं बरेच महिने त्यावरच होती. दर्यावर्दींनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट आमच्या चाचण्यांत होती, कारण फिक्सच्या कागदपत्रांतच सेशनच्या चाचण्यांची यादी दिलेली आहे. तीच घेऊन आम्ही एकेक ओळ कोडमध्ये उतरवली. ती यादी क्विकफिक्सच्या कोडबरोबरही येते. स्वतः लिहिणाऱ्याने ती आधी वाचावी.

दुसरं असं की खरा वेग हवा तिथे लोक टॅग=मूल्य वापरतच नाहीत. नॅसडॅकचा औच हा ऑर्डरींचा प्रोटोकॉल बायनरी आहे. शिकागोच्या सीएमई एक्सचेंजने आयलिंक ३ हा ऑर्डरींचा प्रोटोकॉल करताना जुना मजकुराचा प्रकार सोडून एसबीई हा बायनरी प्रकार घेतला, आणि एसबीई फिक्सवाल्यांच्याच मंडळातून आलेला आहे. आपल्याकडे एनएसईचा स्वतःचा बायनरी प्रोटोकॉल आहे. बीएसईची सिस्टिम डॉइश बोर्सच्या टी७ वर बसवलेली, म्हणून तिथे ईटीआय हा त्याचा बायनरी प्रोटोकॉल. तिथे एक्सचेंजने दिलेला दस्तऐवज समोर ठेवून बाइट मोजत स्वतःच लिहावं लागतं, किंवा विक्रेत्याकडून विकत घ्यावं लागतं. म्हणजे सह्यकडा, तुमच्याकडे एक्सचेंजच्या बाजूला बहुधा असं हाताने लिहिलेलं काही आधीच असेल. त्याची सवय म्हणून तुमच्या सहकाऱ्याला फिक्सही तसंच वाटत असावं.

मी तुमच्या जागी असते तर? परदेशी फंडाची ऑर्डर आधी रिस्क तपासणीतून जाणार, मग डीलरच्या पडद्यावरून किंवा अल्गोतून बाजारात. तिथे पन्नास मायक्रोसेकंद वाचवून काही हाती लागत नाही. तुमच्यासाठी मीही तयार इंजिनच घेईन. वेगळ्या कारणाने, एवढंच.

चाकरमानी

तयार इंजिन घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका. आमची सगळ्यात वाईट सकाळ क्विकफिक्स असतानाच झाली, आणि दोष इंजिनचा नव्हता, आमचाच होता.

कॉन्फिगरेशनच्या फायलीत 'रीसेट ऑन लॉगऑन' नावाची एक ओळ असते. ती वाय केली की प्रत्येक लॉगऑनला दोन्हीकडचे नंबर १ वर येतात. यूएटीमध्ये रोज नंबर चुकायचे, फोनाफोनी व्हायची, म्हणून कुणीतरी ती वाय केली. कटकट थांबली. तीच फाइल तशीच प्रॉडक्शनला गेली.

पुढे एक दिवस दुपारी लाइन चाळीस सेकंद पडली. त्या चाळीस सेकंदांत समोरच्याकडे आमच्या तीन ऑर्डरींचे फिल, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार झाले होते. आम्ही परत जोडलो, नंबर १ वर आले, आणि ते तीन एक्झिक्युशन रिपोर्ट आम्ही कधी मागितलेच नाहीत, कारण आमच्या हिशोबाने काही चुकलेलंच नव्हतं. पडद्यावर ऑर्डरी उघड्या दिसत होत्या. डीलरने त्या 'अडकलेल्या' समजून रद्द केल्या. रद्द होईनात म्हणून दुसऱ्या मार्गाने टाकल्या. संध्याकाळी हिशोब जुळवताना सगळं बाहेर आलं. ज्या पोराने ती ओळ बदलली होती त्याला मी काही बोललो नाही. प्रॉडक्शनची फाइल मीच बघून पास केली होती.

म्हणून आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. दिवसातून एकदाच ठरलेल्या वेळी रीसेट, मधे कधीच नाही. वेळ लिहिताना सांभाळायचं: सेशन सुरू आणि बंद होण्याच्या वेळा इंजिन मुळात यूटीसीत धरतं, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. सव्वानऊचा बाजार टॅग ५२ मध्ये ०३:४५ दिसतो. नवीन माणूस लॉग वाचताना इथे हमखास गोंधळतो.

तिसरी गोष्ट नंबरांच्या फायलीची. इंजिन आपले नंबर आणि पाठवलेले मेसेज डिस्कवर ठेवतं. मुख्य सर्व्हर बसला आणि तुम्ही डीआरवर, म्हणजे आणीबाणीच्या पर्यायी सर्व्हरवर गेलात, पण ती फाइल तिकडे पोचलीच नसेल, तर डीआरवरचं इंजिन १ पासून सुरू करणार, समोरचा म्हणणार '१,४०६ हवा होता' आणि लाइन तोडणार. मग दोन देशांतली माणसं फोनवर नंबर जुळवत बसतात आणि बाजार चालूच असतो. आम्ही शेवटी नंबर डेटाबेसमध्ये ठेवायला लागलो आणि तो डेटाबेस डीआरला सतत उतरतो.

पिंपळपान

मी या क्षेत्रात नवीन आहे, चुकलं तर सांगा. पायथनमध्ये सिम्पलफिक्स नावाचं छोटं पॅकेज वापरून बघितलं, ते फार आवडलं. चेकसम, लांबी सगळं तेच लावतं. मग हा मधला मार्ग नाही का? पार्सर तयार, बाकीचं आपलं?

आणि दुसरा प्रश्न: इंजिनला डिक्शनरी, म्हणजे कुठल्या मेसेजमध्ये कोणते टॅग चालतात याची फाइल, कशाला लागते? टॅग आणि मूल्य तर तसंही सुटं होतंच.

दर्यावर्दी

पिंपळपान, चुकलं काही नाही. सिम्पलफिक्स चांगलं आहे, पण ते फक्त मेसेज बांधतं आणि सोडतं. लॉगऑन, हार्टबीट, नंबर, गॅप यातलं काही करत नाही. म्हणजे सोपा भाग त्याने घेतला आणि अवघड तुमच्याकडेच राहिला. लॉगची फाइल वाचायला, चाचणीसाठी मुद्दाम मोडका मेसेज बनवायला मात्र त्याच्यासारखं सोयीचं काही नाही.

डिक्शनरी लागते ती पुनरावृत्तीच्या गटांसाठी. समजा ४५३=२ आलं, म्हणजे पुढे दोन पक्षांची माहिती आहे. मग ४४८, ४४७, ४५२, परत ४४८, ४४७, ४५२. एकच टॅग दोनदा. साध्या नकाशात भरलंत तर दुसरा पहिल्याला पुसून टाकेल. गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नसतं. गटातला पहिला टॅग कोणता आणि आत कोणते टॅग चालतात हे आधीपासून माहीत असावं लागतं. शिवाय टॅग ९६ सारख्या कच्च्या डेटाच्या आत आस्की १ सुद्धा असू शकतं. तिथे आधी ९५ मधली लांबी वाचून तितके बाइट मोजूनच पुढे जायचं. स्प्लिट तिथे फसतं.

प्रत्येक क्लायंट आपले ५००० च्या पुढचे टॅग घेऊन येतो, म्हणून डिक्शनरी क्लायंटगणिक वेगळी ठेवा. एकाची दुसऱ्याला वापरू नका.

एक मोठं उदाहरण देतो. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहार करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एकावर चढलाच नाही. नव्या कोडने एक जुना, वापरात नसलेला फ्लॅग पुन्हा वापरला होता आणि त्या एका सर्व्हरवर त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं मेलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा. घरच्या कोडमध्ये कुणालाच आठवत नसलेले कोपरे राहतात, माझी भीती तीच आहे.

गणितवेडी

हे उदाहरण इथे लागू पडतं असं मला वाटत नाही. तिथे चुकलं ते कोड चढवण्यात, फ्लॅग पुन्हा वापरण्यात आणि गडबड दिसल्यावर लगेच थांबवता न येण्यात. तयार इंजिन असतं तरी ऑर्डरी फोडून पाठवणारा तो थर त्यांचाच असता.

आणि माझ्या मते धोक्याचा भाग तिथेच आहे. फिक्सचं इंजिन तुम्हाला मेसेज क्रमाने आणि शाबूत आणून देतं. त्यापुढे ऑर्डरीचं काय झालं हे तुमच्याच कोडला कळायला हवं. ५०० ची ऑर्डर, २०० झाले: टॅग १४ (एकूण झालेले)=२००, १५१ (उरलेले)=३००. तुम्ही रद्द करायचा मेसेज पाठवला, तो वाटेत असताना अजून १५० झाले. आता आधी फिलचा रिपोर्ट येतो, मग रद्द झाल्याचा, त्यात १४=३५० आणि १५१=०. तुमच्या कोडने रद्द करायचा मेसेज पाठवताक्षणीच '३०० मोकळे' धरून ते दुसरीकडे टाकले असतील तर १५० जास्त झाले. हे कुठलंच इंजिन सांभाळत नाही. ९७=वाय ('कदाचित आधीच पाठवलेलं') आलं तर टॅग ११ मधला ऑर्डरीचा क्रमांक बघून ही ऑर्डर आधी घेतली होती का हेही तुम्हालाच तपासायचंय.

दर्यावर्दी

हे मान्य. नाइटचं उदाहरण मागे घेतो. तुमचं ५०० चं उदाहरण मात्र प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात फळ्यावर करून दाखवावं असं आहे.

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळा धागा काल टीमबरोबर मोठ्याने वाचला. दर्यावर्दींच्या सात ऑर्डरींशी आलो तेव्हा आमच्या सहकाऱ्याने स्वतःच लॅपटॉप उघडून आपला पुन्हा पाठवण्याचा कोड दाखवला. नवे नंबर, ४३ नाही. हुबेहूब तेच.

ठरलं ते असं. सेशनसाठी क्विकफिक्स-जे, कारण आमची बाकीची सिस्टिम जावात आहे. नंबर डेटाबेसमध्ये, डीआरसकट. रीसेटची ओळ एन, आणि ती बदलायची असेल तर दोघांची सही. 'आत काय चाललंय ते कळणार नाही' या सहकाऱ्याच्या आक्षेपाचं उत्तर त्यानेच काढलं: तो पुढचे दोन आठवडे इंजिनचा सेशनचा कोड वाचून आम्हाला रोज अर्धा तास शिकवणार आहे. त्याचा पार्सरही फेकत नाही आहोत. तो आता खोट्या क्लायंटचं काम करेल, मुद्दाम चुकीचे मेसेज पाठवणारा: दोन अंकी चेकसम, अर्धा मेसेज पाठवून तीन सेकंद गप्प, मधले सहा नंबर गाळलेले, ४३ शिवाय जुना नंबर, गॅप भरत असताना नव्या ऑर्डरी.

ऑर्डरीच्या स्थितीचा थर पूर्ण आमचा आणि वेळ तिथेच घालवणार. गणितवेडींचं ५००–२००–१५० हे त्यातलं पहिलं चाचणी-प्रकरण म्हणून कालच लिहिलं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ते नापास झालं.

चाकरमानी, एक विचारायचं राहिलं: डीआरवर जायची चाचणी तुम्ही क्लायंटला बरोबर घेऊन करता की एकटे?

चाकरमानी

बरोबर घेऊनच. एकट्याने केली की समोरचा काय करतो ते कळतच नाही. एक्सचेंजचं मॉक, म्हणजे सरावाचं सत्र, शनिवारी असतं तेव्हाच क्लायंटच्या सपोर्टला आधी ईमेल करून वेळ ठरवतो, ऑर्डरी चालू असताना मुख्य सर्व्हरची केबल काढतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या वेळेला आम्हाला एकोणीस मिनिटं लागली होती. क्लायंटकडचा जो माणूस नंबर बदलू शकतो त्याचा थेट फोन त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि केबल खरीच काढा, सॉफ्टवेअर नीट बंद करून नको. नीट बंद केलं की इंजिन लॉगआउट पाठवतं आणि मग सगळंच सोपं जातं.